भिंतीपलीकडची झोप

मंडळाच्या अंकातल्या या पानावर आपण सहसा मधुमेह, गुडघेदुखी, पेन्शन किंवा घरकर्जाचे व्याजदर यांबद्दल वाचतो. आज मी घरातल्या आवाजाबद्दल लिहिणार आहे. आवाजाचा आरोग्याशी संबंध आहे, हे कोणीही मान्य करील. त्याचा पैशांशीही संबंध आहे, हे मला गेल्या हिवाळ्यात कळले, आणि तेही थोडे लाजिरवाण्या रीतीने. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेच काहीतरी घडत असेल, म्हणून ती हकीकत न लपवता सांगतो.

आम्ही रेडिंगला राहतो. हंटले अँड पामर्सचा बिस्किटांचा कारखाना या गावाचा पोशिंदा होता, त्या काळात बांधलेल्या विटांच्या रांगेतले आमचे घर आहे. दोन्ही बाजूंना शेजार, मध्ये एकेक सामाईक भिंत. घरात मी, पत्नी, चार वर्षांची मुलगी, आणि सहा महिन्यांसाठी भारतातून आलेली माझी आई. एका शनिवारी सकाळी दाराच्या फटीतून एक छोटे कार्ड आत पडले. शेजारच्या बाईंचे होते. त्या निवृत्त आहेत, एकट्या राहतात. मजकूर तीनच ओळींचा आणि अतिशय सौम्य होता : तुम्हाला त्रास देताना वाईट वाटते, पण भिंतीतून येणाऱ्या आवाजाने माझी झोप मोडते, काही करता आले तर आभारी होईन.

त्या कार्डाने घरात जो गोंधळ उडाला, तो काय सांगावा! आईचा चेहरा उतरला. ती रोज पहाटे पाचला उठते, अंघोळ करून साडेपाचला पूजा करते, घंटा वाजवते. "अरे, माझ्यामुळेच झाले हे," ती म्हणाली. पत्नीला वाटले, सहा वाजता डब्यासाठी चटणी वाटतो तो मिक्सर असणार. मला वाटले, मुलगी जिन्यावरून दडदडत उतरते ते असणार. कार्डावर वेळ लिहिलेली नव्हती, आवाज कसला तेही लिहिलेले नव्हते. पण विचारायला जाण्याचे धैर्य कोणालाच झाले नाही. विचारायचे कसे? आधीच त्या चिडलेल्या असतील, त्यात आपण दारात उभे राहायचे!

मग आम्ही आमच्या परीने उपाय सुरू केले. आईने घंटा वाजवणे बंद केले. देवघरातली घंटा तिने रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. आरती ती ओठांतल्या ओठांत म्हणू लागली. चटणी आदल्या संध्याकाळी वाटून फ्रीजमध्ये जाऊ लागली. कुकरची शिट्टी होण्याआधीच कोणीतरी धावत जाऊन गॅस बारीक करी. मुलीला घरात पळायची बंदी झाली, आणि चार वर्षांच्या मुलीला पळू नको म्हणणे म्हणजे काय, हे आईबापांना सांगायला नको. मी मोबाइलवर आवाज मोजण्याचे एक ॲप घेतले आणि रात्री भिंतीपाशी धरून आकडे वहीत टिपले. आकडे उत्तम होते. तीन आठवडे घरात सुतक असल्यासारखे वातावरण होते.

आणि दुसरे कार्ड आले. आवाज अजून येतो आहे, तुम्ही प्रयत्न करत असाल याची मला खात्री आहे, पण.

त्या संध्याकाळी मात्र मी आणि आई दोघे शेजारच्या दारात गेलो. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा होता. मी हवापाण्यावर बोलू लागलो, थंडी फार पडली आहे वगैरे. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा तो प्रकार पाहून आईनेच मला कोपर मारले. मग मी सरळ विचारले : आवाज नेमका केव्हा येतो, आणि कसा?

उत्तर अर्ध्या मिनिटात मिळाले. पहाटे नाही. रात्री दोनच्या सुमारास. दूरवर एखादी मालगाडी जात असावी तसा घरघराट, सात-आठ मिनिटे, आणि पलंग थरथरतो. आठवड्यातून चार वेळा. आईने मला विचारायला लावले की पहाटेच्या घंटेचा त्रास होतो का. बाईंनी आश्चर्याने पाहिले. "घंटा? कोणती घंटा?" त्यांना ती कधीच ऐकू आली नव्हती.

रात्री दोन म्हटल्यावर मला कळायचे ते कळले. ते आमचे वॉशिंग मशीन होते.

आता खुलासा करतो. आमच्या घराचे वीजमीटर दोन दरांचे आहे. रात्रीचे सात तास स्वस्त वीज देणारी ही ‘इकॉनॉमी सेव्हन’ योजना या देशात १९७८ पासून आहे, आणि हल्ली स्मार्ट मीटर व विजेच्या मोटारींमुळे रात्रीच्या स्वस्त दराच्या आणखीही योजना निघाल्या आहेत. मी हिशेबी माणूस. घर घेतल्यापासून मशीन मध्यरात्रीनंतर आपोआप सुरू होईल असे लावून झोपत होतो. दोन वर्षे कोणाची तक्रार नव्हती. पण त्या शरद ऋतूत शेजारच्या बाईंचे गुडघे इतके दुखू लागले की जिना चढवेना, म्हणून त्यांनी पलंग खाली मागच्या खोलीत आणला. त्या खोलीची भिंत म्हणजेच आमच्या स्वयंपाकघराची भिंत. मशीन आणि त्यांची उशी यांच्यामध्ये नऊ इंच विटा होत्या.

व्यवसायाने मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली की पहिला नियम असा की ती पुन्हा घडवून पाहायची, केव्हा आणि कशाने होते हे वापरणाऱ्याला विचारायचे, आणि मगच हात लावायचा. ऑफिसात मी हे नव्या मुलांना शिकवतो. घरी मात्र आम्ही तीन आठवडे काहीही न विचारता दिसेल ते बदलत बसलो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आमच्याच घरासाठी केली असावी.

अभियांत्रिकीची पदवी असूनही माझ्या लक्षात यायला हवी होती अशी आणखी एक गोष्ट आहे. जड भिंत टिपेचा आवाज चांगला अडवते, खर्जातला कमी अडवते. ढोबळ नियम असा की आवाजाची कंपने निम्म्यावर आली की भिंत सुमारे ६ डेसिबलने दुबळी पडते. देवघरातल्या घंटेचा आवाज किणकिणता, वरच्या पट्टीतला. तो विटांच्या भिंतीत विरून जातो. उलट मिनिटाला १४०० फेरे घेत कपडे पिळणारे मशीन सेकंदाला सुमारे २३ वेळा हादरे देते. ते हादरे हवेतून जातच नाहीत. मशीनच्या पायांतून लाकडी जमिनीत, तिथून खालच्या वाशांत, आणि वासे भिंतीत बसवलेले असल्याने थेट भिंतीत जातात. पलीकडे पलंग भिंतीला टेकलेला असला की काम झाले. माझ्या मोबाइलला यातले काही कळले नाही, कारण नेहमीच्या डेसिबल मोजणीत खर्जातला आवाज मुद्दाम फार कमी धरतात. शिवाय मोबाइलचा मायक्रोफोन माणसाच्या बोलण्यासाठी केलेला असतो. वहीतले आकडे खरे होते, पण प्रश्न वेगळाच होता.

आता पैशांचा हिशेब पाहू. कपड्यांच्या एका धुण्याला साधारण एक युनिट वीज लागते असे धरा, आणि दिवसाच्या व रात्रीच्या दरांत १५ पेन्सचा फरक आहे असे धरा. आठवड्याला चार धुणी म्हणजे ६० पेन्स. वर्षाला सुमारे ३१ पौंड. या ३१ पौंडांसाठी मी एका वृद्ध बाईंची आठवड्यातल्या चार रात्रींची झोप घेत होतो. त्यातही लंडनच्या अग्निशमन दलासारखे लोक परोपरीने सांगतात की घर झोपेत असताना वॉशिंग मशीन किंवा ड्रायर चालू ठेवू नका, कारण मशीन पेटले तर कळायला कोणी जागे नसते. म्हणजे ही बचत आमच्याही सोयीची नव्हती. ज्यांना रात्रीचा स्वस्त दर वापरायचाच आहे, त्यांनी मोटार चार्ज करावी, पाणी तापवून ठेवावे. ही कामे आवाज न करता होतात.

झोप मोडण्याचे परिणाम केवळ दुसऱ्या दिवशीच्या जांभयांपुरते नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर असू नये असे सुचवले. ३० डेसिबल म्हणजे जवळजवळ कुजबुज. माणूस पूर्ण जागा झाला नाही तरी आवाजाने नाडी वाढते, रक्तदाब चढतो, गाढ झोप उथळ होते. हे रोज झाले की हृदयावर ताण येतो. याच संघटनेने २०११ साली हिशेब मांडला की पश्चिम युरोपात नुसत्या वाहतुकीच्या आवाजाने दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात. शेजाऱ्याच्या आवाजाचा त्रास याहून वेगळा असतो, कारण त्यात संतापही मिसळतो. रस्त्यावर माणूस रागावत नाही, शेजाऱ्यावर रागावतो.

मग अशा वेळी कायदा काय करतो? आपल्याकडे दोन टोकांचे समज आहेत. एक म्हणजे, "इथे जरा खुट्ट झाले की पोलीस येतात." दुसरा म्हणजे, "आपल्या घरात आपण काहीही करू." दोन्ही चूक. मी पुढे सांगतो ते मुख्यत्वे इंग्लंड आणि वेल्समधले आहे. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडचे कायदे निराळे आहेत.

आवाजाचे काम पोलिसांचे नसून कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य खात्याचे आहे. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार आवाज उपद्रव ठरण्याइतका आहे असे कौन्सिलचे मत झाले, तर ते बंद करण्याची नोटीस काढते. ती मोडली तर न्यायालय, दंड, आणि प्रसंगी आवाज करणारी साधने जप्त. कौन्सिलने काही केले नाही तर त्रास होणारा माणूस स्वतः मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकतो, मात्र शेजाऱ्याला किमान तीन दिवस आधी लेखी कळवून. १९९६ च्या कायद्याने कौन्सिलला रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेसाठी आणखी एक अधिकार दिला. तक्रारदाराच्या घरात मोजलेला आवाज ३४ डेसिबलच्या वर गेला, किंवा मुळातच आजूबाजूला २४ डेसिबलहून जास्त आवाज असेल तर त्याच्या वर १० डेसिबलहून जास्त गेला, तर आधी ताकीद आणि मग दंड करता येतो. हे सगळे प्रामुख्याने रात्रभर चालणाऱ्या पार्ट्या, मोठमोठे स्पीकर, सतत वाजणारे अलार्म यांच्यासाठी आहे.

पण रोजच्या संसाराच्या आवाजाचे काय? याचे उत्तर हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९९ साली लंडनमधल्या साउथवर्क आणि कॅम्डेन या दोन कौन्सिलांच्या खटल्यांत दिले. जुन्या फ्लॅटांत राहणाऱ्या भाडेकरूंना शेजाऱ्यांचे बोलणे, टीव्ही, बाळाचे रडणे, स्वयंपाक, सगळे भिंतीतून ऐकू येई. त्यांचे जिणे नकोसे झाले होते, हे न्यायाधीशांनी मान्य केले. तरीही निकाल असा लागला की माणसे आपल्या घरात नेहमीसारखी राहत असतील तर तो कायद्याने उपद्रव नव्हे, आणि जुन्या इमारतीत आवाजरोधक बसवणे कौन्सिलवर बंधनकारक नाही. २००३ च्या बांधकाम नियमांपासून नव्या घरांच्या सामाईक भिंतींनी किमान ४५ डेसिबल आवाज अडवला पाहिजे असे ठरले, पण आपण राहतो ती पुष्कळशी घरे त्याच्या कितीतरी आधीची.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मुलांचे पळणे, मिक्सर, भांडी, चालणे, फोनवर मोठ्याने बोलणे यांपैकी बहुतेक गोष्टींसाठी न्यायालय ना आपल्याला शिक्षा करणार, ना आपल्याला न्याय देणार. नळीच्या दोन्ही टोकांना आपणच. तिथे उरते ती फक्त शेजाऱ्याशी बोलाचाल. म्हणून माझे स्पष्ट मत असे की आवाजाच्या बाबतीत कायदा शेवटी वाचायचा आणि शेजाऱ्याचे दार आधी वाजवायचे.

न बोलता उट्टे काढणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट सांगतो. १८९३ साली लंडनच्या ब्रिक्स्टन भागातला एक खटला गाजला. जोडघरात एका बाजूला संगीत शिकवणाऱ्या बाई राहत. घरात आठवड्याला सतरा तास शिकवण्या चालत. पलीकडच्या गृहस्थांचे डोके फिरले आणि ते भिंतीवर ठोकू लागले, ताटे बडवू लागले, शिट्ट्या मारू लागले, किंचाळू लागले. न्यायालयाने मनाई हुकूम काढला, पण शिकवण्या करणाऱ्यांवर नव्हे, ताटे बडवणाऱ्यावर. कारण त्याचा आवाज मुद्दाम त्रास देण्यासाठी होता. तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळी तबल्याचा रियाज असेल तर घाबरू नका. पण शेजाऱ्याच्या गिटारला उत्तर म्हणून झांजा काढू नका.

आता नाण्याची दुसरी बाजू. आपण आवाज करतो हे जितके खरे, तितकेच हेही खरे की आपल्याला त्रास झाला तर आपण तोंड उघडत नाही. "कशाला वाकड्यात शिरायचे," "आपण परके," "पुढे कागदपत्रांत काही अडचण नको," अशी कारणे असतात. आमच्या परिचयाचे एक कुटुंब फ्लॅटमध्ये राहत होते. वरच्यांनी कार्पेट काढून लाकडी लॅमिनेट टाकले आणि खालच्यांना बुटांचा प्रत्येक टाक मोजता येऊ लागला. त्यांनी वर्षभर सोसले, एकदाही वर गेले नाहीत, शेवटी घर विकून दुसरीकडे गेले. वकील, एजंट, स्टॅम्प ड्यूटी, सामानाची गाडी यांत हजारो पौंड गेले. विक्रीची कागदपत्रे चाळताना त्यांना कळले की त्या इमारतीच्या लीजमध्ये सर्व खोल्यांत कार्पेट असले पाहिजे अशी अटच होती. अशी अट फ्लॅटांच्या लीजमध्ये पुष्कळदा असते. वरच्यांनाही ती माहीत नव्हती. दार वाजवले असते तर कदाचित एका गालिच्यात भागले असते.

घर विकण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक अर्थविषयक गोष्ट. इंग्लंड-वेल्समध्ये घर विकताना विकणाऱ्याला टीए-६ नावाचा माहितीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात शेजाऱ्यांशी वाद किंवा तक्रारी झाल्या आहेत का, असा सरळ प्रश्न असतो. झाले असतील तर सांगावे लागते, आणि लपवले तर खरेदी करणारा नंतर भरपाई मागू शकतो. वाद असलेले घर घ्यायला गिऱ्हाईक बिचकते, किंमत पाडून मागते. काही जण या फॉर्मच्या भीतीने गप्प बसतात. मला उलटे वाटते. शेजाऱ्याकडे चहा पिता पिता "रात्री जरा आवाज येतो हो" म्हणणे आणि कौन्सिलकडे तक्रारींची फाइल तयार होणे, यांत फार अंतर आहे. पहिली गोष्ट वेळेवर केली की दुसरी बहुधा होतच नाही.

आईशी यावर माझा वाद झाला. पहिले कार्ड आले तेव्हा ती म्हणाली होती, "हे लोकच नाजूक. आमच्या गिरगावच्या चाळीत कोणाला त्रास झाला का कधी?" तिचे म्हणणे थोडे खरे आहे. चाळीतही त्रास होत असेच, पण त्याचा निचरा लगेच होई. शेजारीण गॅलरीतून ओरडे, "अहो, तो रेडिओ बारीक करा की!" दोन शब्द इकडचे, दोन तिकडचे, आणि संध्याकाळी विरजणासाठी वाटी घेऊन तीच दारात हजर. इथला माणूस ओरडत नाही. तो सहन करतो, मग उशीवर उशी ठेवतो, मग कानात बोळे घालतो, आणि पाच-सहा महिन्यांनी अत्यंत सौम्य भाषेत एक कार्ड टाकतो. त्या सौम्य भाषेला आपण किरकोळ तक्रार समजतो. ती किरकोळ नसते. कार्ड येते तेव्हा पाणी बहुधा गळ्याशी आलेले असते.

आणि नाजूकपणा फक्त इंग्रजांचा, हेही खरे नाही. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी आवाजाच्या प्रदूषणाविरुद्ध कित्येक वर्षे लढा दिला. भारतातल्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतल्या ध्वनिक्षेपकांवरची बंदी ठामपणे उचलून धरली. शांत झोप हवी असणारी माणसे गिरगावातही आहेत आणि रेडिंगलाही.

सणांबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. घरचा गणपती, झांजा-टाळ घेऊन आरती, वीस-पंचवीस पाहुणे. माझे मत : आरती जोरात व्हावी, पण शेजाऱ्याला आधी माहीत असावी. चार दिवस आधी एक चिठ्ठी द्या. कोणता दिवस, किती ते किती, आणि जास्त वाटल्यास फोन कुठे करायचा. केव्हा संपणार हे ठाऊक असलेला आवाज माणूस सोसतो. शेजाऱ्याला प्रसादाला बोलावले तर तो निम्मे ऐकूनच घेत नाही, कारण तो आत बसलेला असतो.

दिवाळीबद्दल एक खुलासा. २००४ च्या नियमांनुसार रात्री ११ ते सकाळी ७ फटाके उडवायला बंदी आहे, पण दिवाळीच्या रात्री ही मुभा १ वाजेपर्यंत वाढवलेली आहे. ही सवलत कायद्याने आपल्याला दिली आहे, याचे कौतुक वाटते. मात्र ती फक्त दिवाळीच्या दिवसापुरती आहे. दिवाळी मंगळवारी असली आणि आपण सोयीसाठी शनिवारी जमलो, तर शनिवारी ११ वाजता फटाके थांबलेच पाहिजेत. हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. मला स्वतःला असे वाटते की मुभा १ पर्यंत असली तरी १० ला आटोपावे. शेजारी तान्हे मूल असते, कुत्रे असते, कोणाची सकाळची पाळी असते.

आता आम्ही काय केले आणि किती खर्च झाला ते सांगतो, म्हणजे कोणाला उपयोग होईल. मशीन सामाईक भिंतीपासून उचलून समोरच्या बाजूला नेले, त्यासाठी प्लंबरला ९० पौंड दिले. पायांखाली जाड रबरी तुकडे ठेवले, १२ पौंड. मशीन चारही पायांवर सपाट उभे आहे की नाही हे पाण्याच्या पातळीने पाहिले. एक पाय हलत होता, तो फिरवून घट्ट केला, खर्च शून्य. निम्मा हादरा त्यानेच कमी झाला असे मला वाटते. धुणे आता संध्याकाळी आठच्या आत. मिक्सरखाली दुमडलेला टॉवेल. जिन्यावर कार्पेट होतेच. एका ठेकेदाराने भिंतीला लागून वेगळी आवाजरोधक भिंत उभारण्याचे दीड हजार पौंड सांगितले होते, आणि खोली चार इंचांनी लहान झाली असती. दुसरे कार्ड येण्यापूर्वी मी ते काम देण्याच्या बेतात होतो! ते पैसे घंटेचा आवाज अडवण्यात गेले असते, जो मुळात पलीकडे जातच नव्हता.

तुमच्याकडे असे कार्ड आले तर माझा सल्ला थोडक्यात असा. त्याच दिवशी जा. कार्डाला कार्डाने उत्तर देऊ नका. सफाई देण्यापूर्वी केव्हा आणि कसा आवाज येतो ते विचारा. जमल्यास त्यांच्या खोलीत उभे राहून ऐका, आणि घरच्या कोणाला तरी आपल्या घरात तोच आवाज करायला सांगा. काय जमेल आणि काय जमणार नाही ते दोन्ही सांगा, कारण चार वर्षांची मुलगी पळणारच. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायला जा. तुम्हाला त्रास होत असेल तर हेच उलट्या बाजूने, आणि सहा महिने थांबू नका. तारीख-वेळ लिहून ठेवा. बोलून भागले नाही तर मध्यस्थी करणाऱ्या संस्था बऱ्याच गावांत आहेत, कौन्सिलकडे त्यांची माहिती मिळते. कौन्सिलकडे तक्रार हा त्यानंतरचा टप्पा.

आमच्या बाबतीत शेवट चांगला झाला. बाई आता रात्री झोपतात. त्यांच्याकडे आमच्या घराची जादा किल्ली असते, आणि आमच्याकडे त्यांची. आई परत जाण्यापूर्वी त्या एकदा सकाळी चहाला आल्या, तेव्हा आईने कपाटातून घंटा काढली, रुमाल सोडला आणि त्यांना वाजवून दाखवली. इतका गोड आवाज आणि मला ऐकू येत नव्हता, असे त्या म्हणाल्या. आईला बरे वाटले. पण तीन आठवडे तिने देवासमोर विनाकारण कुजबुजत आरती म्हटली, ती एका प्रश्नाअभावी. तो प्रश्न विचारायचे काम माझे होते.